'वेतनदरी' की 'वेतनातील तफावत'?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या हिस्पॅनिक (म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांशी मुळे जोडलेल्या) आणि गोऱ्या कामगारांवरचा लेख मराठीत आणताना 'वेज गॅप'ला 'वेतनदरी' म्हणावे का? आणि 'हिस्पॅनिक'चे 'स्पॅनिश वंशाचे' केले तर चालेल का?

'वेतनदरी' मी टाळेन. मराठीत 'वेतनदर' हा शब्द आधीच रुळलेला आहे, त्यामुळे 'वेतनदरीत वाढ' हे घाईत 'वेतनदरात वाढ' असे वाचले जाते आणि अर्थ पार उलटतो. सुटी 'दरी' अग्रलेखात शोभते. आकडे द्यायचे असतील तर 'तफावत' बरी, कारण तिच्यापुढे 'किती' आणि 'कोणाकोणात' हे प्रश्न आपोआप येतात.

इथे ते प्रश्न फार मोलाचे आहेत. अमेरिकेच्या कामगार आकडेवारी विभागानुसार 2020 मध्ये पूर्णवेळ कामगारांची आठवड्याची कमाई गोऱ्यांत 1,003 डॉलर, तर हिस्पॅनिकांत 758 डॉलर होती. हे मध्यक आहेत, म्हणजे सगळ्यांची कमाई चढत्या क्रमाने मांडली तर मधोमध येणारे आकडे. आपली वर्तमानपत्रे सर्रास 'सरासरी' लिहितात, ते चूक आहे. मूठभर गलेलठ्ठ पगारांनी सरासरी वर चढते, मध्यक फारसा हलत नाही. शिवाय ही आठवड्याची कमाई आहे, ताशी दर नव्हे.

'स्पॅनिश वंशाचे' तर नकोच. तिथल्या 2020 पर्यंतच्या जनगणनांत हिस्पॅनिक असणे आणि वंश हे दोन वेगळे प्रश्न होते. 1980 पासून हिस्पॅनिक असण्याचा प्रश्न सगळ्यांनाच विचारला जातो. मेक्सिकोतून आलेल्या अनेकांचे पूर्वज तिथले मूळ रहिवासी आहेत, आणि कित्येक हिस्पॅनिक स्वतःला गोरेही म्हणवतात. वरच्या 1,003 डॉलरच्या गटात तेही मोजलेले आहेत! म्हणून मूळ लेखात 'बिगर-हिस्पॅनिक गोरे' असेल तर 'बिगर-हिस्पॅनिक' गाळू नका. ते गाळले की तुलनेची एक बाजूच बदलते.

आता क्रियापद. 'दरी रुंदावत गेली' हे सरसकट खरे नाही. 1970च्या दशकाच्या अखेरीस गोऱ्यांच्या 100 डॉलरमागे हिस्पॅनिकांना साधारण 78 डॉलर मिळत. 2000च्या आसपास ते सत्तरच्याही खाली आले, आणि 2020 पर्यंत पुन्हा 75च्या वर गेले. मधल्या घसरणीला 'हिस्पॅनिकांचे पगार कापले गेले' म्हणणे अन्यायाचे होईल. त्या दोन दशकांत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून लाखो नवे लोक आले. त्यांतल्या अनेकांचे शिक्षण कमी होते आणि त्यांना शेतात, बांधकामावर, हॉटेलांच्या मुदपाकखान्यात काम मिळाले. म्हणजे मोजला जाणारा गटच बदलत होता. तरीही सारख्या शिक्षणाच्या लोकांची तुलना केली तर तफावत घटते, पण मिटत नाही. भाषांतरात हे दुसरे वाक्य हमखास गळते आणि सगळा दोष शिक्षणावर जातो.

मी असे लिहीन: 'हिस्पॅनिक आणि गोऱ्या कामगारांच्या कमाईतील तफावत आधी वाढली, नंतर काहीशी कमी झाली.'