सहस्रकुंडाला निघालास म्हणून

लेकरा,

मेसेज वाचला तुझा. रविवारी गँग सहस्रकुंडाच्या धबधब्याला चाललीये म्हणतोस अन् वरून "काका टेन्शन घेऊ नका, पोहायला येतं मला". अरे त्याचंच तर टेन्शन आहे. ज्याला येत नाही ते पोरगं काठावर गुमान भजे खात बसतं.

तू डबा बांधून शिकलास ते आपल्या विहिरीत. तिथलं पाणी थांबलेलं, कपार कुठं अन् मोटर कुठं तुला पाठ, मुटका मारला की आपोआप वर येतोस. धारेखाली तसं नसतं बाबा, तो पांढरा फेस दिसतो ना त्यात नुसती हवा भरलेली असती, अंग तरंगत नाही, हात मारावा तर धरायला पाणीच लागत नाही, आणि खाली गेलेलं पाणी फिरून परत धारेकडंच ओढतं.

मी तुझ्याएवढा असताना बीडकडच्या सौताड्याच्या धबधब्यावर रामेश्वराचं दर्शन करून पाण्यात उतरलो, गुडघाभरच होतं, पुढचं पाऊल टाकलं तर खाली काहीच नाही! रांजणखळगा. दगडगोटे गरगर फिरून कातळात पडलेला, तोंड माठाएवढं, आत शेवाळ साबणावाणी. दोस्तानं टॉवेल फेकला म्हणून आज टाईप करतोय.

अजून एक, सहस्रकुंड पैनगंगेवर आहे, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी ही नदी बुलढाण्याकडून येते आणि वर ईसापूर धरण आहे. दरवाजे उघडले की खाली पाणी वाढणारच, निघायच्या आधी बातमी बघ. पाणी गढूळ झालं, काडीकचरा यायला लागला, की चप्पल सोडून वर पळायचं. खरं तर पावसाळ्यात तिथं उतरूच नको, तो बघायचा धबधबा आहे.

दुसरीकडं एखादा शांत डोह सापडला तर काठीनं खोली बघ, सूर मारू नको, पाय आधी. दोर आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन सोबत ठेव. कुणी गटांगळ्या खायला लागला तर मागं उडी नाही, कॅन फेकायचा. बाहेर काढल्यावर आपल्याकडं उलटं धरतात, पोट दाबतात, ते करू देऊ नको. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास दे, मग छाती दाब, आणि दुसऱ्यानं 112 लावायचा. रेंज कुठपर्यंत आहे ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा.

दोर माझ्याकडं आहे, कासऱ्याचा नाही, चांगला नायलॉनचा. शनिवारी येऊन घेऊन जा, काकू धपाटे पण बांधून देईल.

तुझा काका