शुगरमुळे फुफ्फुस आखडतं का? वडिलांना जिना चढताना दम लागतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ५८ वर्षांचे, निपाणीजवळच्या गावात राहतात. १२ वर्षांपासून शुगर आहे आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ९.१ आलंय. विडी-सिगारेट कधी ओढली नाही, तरुणपणी काही वर्षं तंबाखूच्या वखारीत होते. जिना चढताना दम लागतो. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून करायच्या फुफ्फुसाच्या तपासणीत, एफव्हीसी (छाती भरून बाहेर फुंकलेली एकूण हवा) अपेक्षेच्या ७४ टक्के, एफईव्ही१ (त्यातली पहिल्या सेकंदाची हवा) ७६ टक्के, एफईव्ही१ भागिले एफव्हीसी हे गुणोत्तर ०.८१. ‘शुगरनं फुफ्फुस आखडलंय’ असं कुणी सांगितलं, ते खरं का?

शुगरचा फुफ्फुसावर परिणाम होतो, पण एकट्या शुगरचा एवढा होत नाही.

होतं काय, तर रक्तातली जादा साखर कोलॅजेन आणि इलॅस्टिनला चिकटते. फुफ्फुसाचा ताणून परत जागेवर येण्याचा गुण याच तंतूंमुळे असतो. ते ताठर झाले की हवा थोडी कमी मावते. वायुकोश आणि रक्तवाहिनी यांच्यामधला पडदाही जाड होतो, म्हणजे डोळ्यांत आणि किडनीत जे होतं तेच इथं. श्वासाचे स्नायूही थोडे ढिले पडतात. पण हे सगळं धरूनही एफव्हीसीतली घट सरासरीनं ५-६ टक्क्यांच्या घरात असते. फुफ्फुसात शिल्लक ताकद इतकी असते की तेवढ्यानं माणसाला जिन्यावर थांबावं लागत नाही. तुमच्या वडिलांची घट २६ टक्के आहे. ती सगळी शुगरच्या खात्यावर टाकली की खरं कारण तसंच राहून जातं.

वखारीतल्या धुळीनं श्वासनळ्या आवळल्या असत्या तर गुणोत्तर ०.७० च्या खाली आलं असतं. ०.८१ आहे, म्हणजे नळ्या मोकळ्या दिसतात. त्यामुळे ‘दमा असेल’ म्हणून पंप (इनहेलर) सुरू करायची घाई नको.

आधी त्या रिपोर्टवरच शंका घ्या. नाकाला चिमटा लावून, छाती पूर्ण भरून, एका दमात जोरात फुंकायचं आणि हवा संपेपर्यंत फुंकत राहायचं, साधारण ६ सेकंद तरी. बहुतेक जण दोन-तीन सेकंदांतच सोडून देतात. पहिल्या सेकंदाची हवा तर मोजली जाते, पण शेवटची राहते. मग एफव्हीसी खोटी कमी येते आणि गुणोत्तर फुगतं. तुमच्या रिपोर्टमध्येही असं झालेलं असू शकतं. वेळ आणि हवेचा आलेख पाहा: रेषा शेवटी सपाट झालेली हवी. चढतीवरच तुटली असेल तर फुंकर अपुरी. तीन चांगल्या फुंकरी हव्यात आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोनमध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. तुमच्याकडे टेक्निशियन कानडीत ‘ऊदि, ऊदि’ (फुंका, फुंका) म्हणत असतो, तेव्हा ‘थांबू नका, अजून अजून’ असं मराठीत कानाशी सांगणारं कुणी बरोबर असलं तर मोठा फरक पडतो.

पुन्हा करूनही तेच आलं, तर पोटाचा घेर बघा. सुटलेलं पोट छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला खाली सरकू देत नाही आणि एफव्हीसी खाली खेचतं. हे कारण फार आढळतं, आणि सुधारता येणारं आहे.

मग हृदय. माझ्या मते तुमच्या बाबतीत हेच सर्वांत तातडीचं. मधुमेहात हृदयाला रक्त कमी पडलं तरी छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम लागतो. ईसीजी आणि टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) करा, सोबत हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी). उताणं झोपल्यावर दम लागतो का, संध्याकाळी पायांवर सूज येते का, हे विचारा. दम विश्रांतीतही लागू लागला, किंवा छातीत भरून येऊन घाम फुटला, तर तपासण्यांची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

छातीचा एक्स-रे काढाच. मधुमेह्यांना टीबीचा धोका दोन-तीन पट असतो आणि तो नेहमीसारखा वरच्या भागात न दिसता खालच्या भागातही असू शकतो. वजन उतरलं की घरचे म्हणतात शुगरनं उतरलं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, पैसे लागत नाहीत. टीबी निघाला तर रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्यांचा असर कमी होतो आणि शुगर वाढते. डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो.

खोकल्यावर गावात सर्रास स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळी देतात. सकाळी प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइडच) घेतलं की शुगर दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी चढते, उपाशीपोटीची मात्र ठीक दिसते. म्हणून ते दिवस दुपारी जेवणानंतर दोन तासांनी तपासा. ओढायच्या पंपातलं स्टेरॉइड एवढा त्रास देत नाही, त्याला घाबरू नका.

फ्लूची लस दरवर्षी, पावसाळा लागायच्या आधी. न्युमोकोकलची (न्युमोनियाची) लस कोणती आणि कधी, ते डॉक्टरांना विचारा. दोन्ही एकाच दिवशी, वेगवेगळ्या दंडात घेतल्या तरी चालतात.