चौघींतली एक, एकटी

गेल्या महिन्यात या सदरात जेड थर्लवॉलच्या पहिल्या सोलो अल्बमबद्दल लिहिलं होतं. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'लिटल मिक्स' हा ब्रिटिश गर्ल ग्रुप २०११ मध्ये 'द एक्स फॅक्टर' ही टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकून पुढे आला आणि २०२२ मध्ये थांबला. त्यातल्या जेडचा 'दॅट्स शोबिझ बेबी!' हा अल्बम सप्टेंबर २०२५ मध्ये आला. मला तो आवडला, काहींना माझं आवडणं आवडलं नाही आणि पत्रांचा ढीग पडला. त्यातले काही प्रश्न आज घेते. 'जेड की (त्याच ग्रुपमधली) पेरी?' एवढंच विचारणाऱ्यांनी आपसात भांडून घ्यावं.

ताई, ग्रुपमध्ये जिच्या आवाजावर जीव टाकायचो तिचाच सोलो अल्बम आला की तिसऱ्या गाण्यापर्यंत कंटाळा येतो. दोष तिचा की माझ्या कानांचा?

कानांचा नाही, आणि बऱ्याचदा तिच्या गळ्याचाही नाही. ग्रुपच्या गाण्यात प्रत्येकीच्या वाट्याला मोजक्या ओळी येतात. एक मुखडा उचलते, दुसरी अंतरा घेते, तिसरी शेवटी वरच्या पट्टीत एखादी हरकत टाकून निघून जाते. तुमचा लाडका आवाज ऐकून मन भरायच्या आतच पुढचीचा नंबर लागतो. म्हणजे तुम्हाला दर वेळी अर्धपोटी उठवलेलं असतं आणि त्या भुकेलाच आपण 'काय आवाज आहे!' म्हणतो. सोलो अल्बममध्ये तोच आवाज सलग चाळीस मिनिटं ऐकायचा असतो.

दुसरी गोष्ट गाणाऱ्या बाजूची. माझी निम्मी कारकीर्द कोरसमध्ये गेली, म्हणून हे जरा अधिकारानं सांगते. कोरसमध्ये आपला आवाज वेगळा ओळखू आला तर ती चूक धरतात. ओळीच्या शेवटी 'त' किंवा 'स' आला तर तो एकीनंच म्हणायचा, बाकीच्यांनी गिळायचा. नाहीतर एकाच्या जागी चार 'त' टपाटप पडतात आणि रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून हात वर करतो. श्वास सगळ्यांनी एकदम घ्यायचा नाही. शेजारणीनं घेतला की आपण सूर धरून ठेवायचा. आवाजात कंप नको, लाडिकपणा नको. हे अंगात मुरलं की एकटीनं गाताना पंचाईत होते. श्वास घ्यायची जागा उघडी पडते, ओळींचे शेवट गिळल्यासारखे येतात, कारण 'त' म्हणायचं काम आजवर दुसरीचं होतं.

गर्ल ग्रुपमधली मुलगी म्हणजे कोरस गायिका नव्हे, तिला तिच्या ओळी असतातच. पण मिसळून जायची सवय तिलाही लागलेली असते. त्यावर उपाय गळ्यात सापडत नाही, गाण्याच्या बांधणीत सापडतो. 'सुप्रीम्स' या अमेरिकन गर्ल ग्रुपमधून १९७० च्या जानेवारीत बाहेर पडलेल्या डायना रॉसचं 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' ऐका. निकोलस अ‍ॅशफोर्ड आणि व्हॅलरी सिम्पसन या जोडीनं ते तिच्यासाठी नव्यानं बांधलं. बराच वेळ ती गातच नाही, हलक्या आवाजात बोलते. मागे कोरस चढत जातो, आणि ज्या ओळीची सगळे वाट बघत असतात ती येते शेवटाकडे. आवाजाची ताकद दाखवण्याऐवजी तिनं तो राखून ठेवला आणि ग्रुपमधली ती भूक एकटीच्या गाण्यात परत आणली.

जेडनं हेच दुसऱ्या वाटेनं केलं. 'एंजल ऑफ माय ड्रीम्स' सुरू होतं सँडी शॉच्या, १९६७ ची युरोव्हिजन ही गाण्याची स्पर्धा जिंकलेल्या गाण्याच्या तुकड्यानं. मग मोठ्ठा, जवळजवळ रडका मुखडा, मग एकदम इलेक्ट्रॉनिक ठोके, लय बदलते, आवाज बदलतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं की तीन गाणी चुकून एकावर एक वाजतायत. मला विचाराल तर ती एकटीच चौघींचं काम करते: एक सोज्वळ, एक खवचट, एक रडवी, एक नुसती नाचणारी. अल्बमभर हे जमलेलं नाही, मधली दोन-तीन गाणी सपाट आहेत. पण कंटाळा येऊ न देण्याची युक्ती तिला कळली आहे.

पहिलं गाणं पडलं की अल्बमचं भवितव्य ठरलं असं समजायचं का?

मुळीच नाही. डायना रॉसचं पहिलं सोलो गाणं वेगळंच होतं, 'रीच आउट अँड टच'. ते बेताचंच चाललं. वर सांगितलेलं गाणं त्याच्यानंतर आलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

'फिफ्थ हार्मनी' हा ग्रुप डिसेंबर २०१६ मध्ये सोडलेल्या कॅमिला कॅबेयोची गोष्ट तर याहून मजेशीर. तिचं 'क्राइंग इन द क्लब' २०१७ च्या मे महिन्यात आलं, पण अपेक्षेइतकं चढलं नाही. ऑगस्टमध्ये 'हवाना' अंदाज घ्यायला म्हणून सोडलं, आणि तेच सुटलं. मग अल्बमचं आधी जाहीर केलेलं लांबलचक नाव गेलं, 'क्राइंग इन द क्लब' अल्बममधून वगळलं आणि जानेवारी २०१८ मध्ये साध्या 'कॅमिला' नावानं अल्बम आला. तो अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर. कंपनी आधी ठरलेल्या आराखड्यालाच चिकटून राहिली असती तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

'स्पाइस गर्ल्स'ची जेरी हॅलिवेल आठवते? १९९९ मध्ये तिचं पहिलं सोलो गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता, जणू दुसरा क्रमांक म्हणजे नापास. त्याच अल्बममधली पुढची तिन्ही गाणी पहिली आली.

ग्रुपमधल्या सर्वांत तयार गळ्याच्या मुलीचाच सोलो अल्बम चालायला हवा ना? तसं का होत नाही?

कारण अल्बम गळ्याच्या गुणांवर विकला जात नाही. तो निघण्यासाठी कंपनीची मर्जी लागते, वेळ जुळावी लागते आणि 'ही कोण?' या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर लागतं.

'सुप्रीम्स'मधली फ्लॉरेन्स बॅलर्ड घ्या. आवाज भरदार, चर्चमध्ये मुरलेला. १९६७ मध्ये तिला ग्रुपमधून जावं लागलं, दुसऱ्या कंपनीनं तिची दोन गाणी काढली, अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि तसाच पडून राहिला. १९७६ मध्ये ती गेली, वय ३२.

'पुसीकॅट डॉल्स'मध्ये तर बहुतेक सगळं गाणं निकोल शेर्झिंगरच गायची, बाकीच्या मुख्यतः नाचायच्या. तिचा सोलो अल्बम सगळ्यांत सोपा असायला हवा होता. २००७ मध्ये नाव ठरलं, गाणी बाहेर आली, पाहुणे कलाकार आले, अल्बम आलाच नाही. पहिला अल्बम उजाडला २०११ मध्ये. माझं मत असं की ग्रुपच्या गाण्यांतून ती एवढी ऐकून झाली होती की एकटी म्हणून नवीन काय, हे कुणाला सांगता येईना. 'फिफ्थ हार्मनी'तल्याच नॉर्मानीचा अल्बम तो ग्रुप थांबल्यावर सहा वर्षांनी, २०२४ मध्ये आला. तोवर लोकांनी वाट बघण्यावरच विनोद करायला सुरुवात केली होती.

उलट मेलनी सी. 'स्पाइस गर्ल्स'मधला सर्वांत खणखणीत गळा तिचा, हे तिच्या टीकाकारांनाही मान्य. १९९९ चा 'नॉर्दर्न स्टार' तिनं गिटारच्या खडखडाटात सुरू केला आणि ग्रुपचे चाहते गोंधळले. पुढच्या वर्षी दोन गाण्यांनी अल्बमला नवा श्वास दिला. एक 'नेव्हर बी द सेम अगेन', ज्यात 'टीएलसी' या तिघींच्या ग्रुपमधली लिसा 'लेफ्ट आय' लोपेझ रॅप करते, आणि दुसरं 'आय टर्न टू यू', तेही मूळ रूपात नव्हे, नाचाच्या रीमिक्समध्ये. दोन्ही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. पहिल्यात ती किती खालच्या पट्टीत, बोलल्यासारखी गाते बघा. खणखणीत गळ्याची बाई न खणखणता गाते, आणि तेव्हा लोक तिच्याकडे वळून बघतात.

सोलो करायचं तर ग्रुप मोडायलाच हवा का?

नाही. 'डेस्टिनीज चाइल्ड'नं ते नीट करून दाखवलं. मिशेल विल्यम्सनं २००२ मध्ये गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांचा अल्बम केला, त्याच वर्षी केली रोलंडचा पॉप अल्बम आला, २००३ मध्ये बियॉन्सेचा. तिघींची वाट वेगळी, त्यामुळे एकमेकींच्या पायात पाय आले नाहीत. २००४ मध्ये तिघी ग्रुपचा अल्बम घेऊन परत आल्या आणि मग निरोप घेतला. 'ब्लॅकपिंक' या कोरियन ग्रुपच्या चौघींनी २०२३ च्या शेवटी ग्रुपचा करार जुन्याच कंपनीकडे ठेवला आणि एकटीच्या कामासाठी आपापली सोय वेगळी केली.

एवढं यश, एवढा पैसा असताना मुली ग्रुप सोडतात कशाला?

यश दिसतं तेवढा पैसा असतोच असं नाही. १९९५ मध्ये 'टीएलसी'चा अल्बम धडाधड खपत होता आणि त्याच वर्षी तिघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी रेकॉर्डिंग, व्हिडिओ, कपडे यांचा बराच खर्च आगाऊ देते आणि तो कलाकाराच्या रॉयल्टीतून वळता करून घेते. उरतं त्यातून मॅनेजर, वकील, आणि मग त्याचे भाग ग्रुपमधल्या जितक्या जणी तितके. गाणं लिहिणाऱ्यांचे पैसे वेगळे, म्हणून गाण्याखाली कुणाची नावं छापली जातात याला फार महत्त्व. 'स्पाइस गर्ल्स'नी तो वाटा पाचही जणींत सारखा ठेवला होता, तो शहाणपणा क्वचितच दिसतो.

आणि पैशाशिवायही कारणं असतात. दुसऱ्यांनी निवडलेल्या ओळी दुसऱ्यांनी ठरवलेल्या कपड्यांत किती वर्षं गाणार?

आपल्याकडे असा गर्ल ग्रुप झालाच नाही का?

झाला की! २००२ मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेतून 'विवा' निघाला, पाच जणींचा. त्यातल्या नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा यांना तुम्ही नंतर सिनेमात भरपूर ऐकलंय. आपल्याकडे सोलो म्हणजे अल्बम नव्हे, पार्श्वगायन. वाट तिकडे वळते. यावर स्वतंत्र लिहीन.

डायना असतानाचं 'सुप्रीम्स'चं शेवटचं गाणं 'समडे वुई'ल बी टुगेदर' ऐकून अजून रडू येतं. तिघी एकत्र गातायत आणि वेगळ्याही होतायत!

तुमचं रडू पुसायची इच्छा नाही, पण त्या ध्वनिमुद्रणात तिघी नाहीत. डायना रॉस आहे. मेरी विल्सन आणि सिंडी बर्डसाँग नाहीत. मागच्या बायका स्टुडिओत बोलावलेल्या कोरस गायिका, आणि मधूनमधून तिला प्रोत्साहन देणारा पुरुषाचा आवाज निर्माता जॉनी ब्रिस्टलचा. हे गाणं डायनाचं पहिलं सोलो व्हायचं होतं, १९६९ मध्ये ग्रुपच्या नावावर निघालं आणि निरोपाचं गाणं ठरलं. आमच्या धंद्यात असं होतं. मलाही एकदा एका नामवंत जोडगोळीतल्या धाकटीचा आवाज म्हणून पूर्ण कडवं गावं लागलं. पैसे मिळाले, नाव अर्थातच नाही.

माझी मुलगी मैत्रिणींबरोबर चौघींच्या बँडमध्ये गाते. आता तिला स्वतःची सहा गाणी काढायची आहेत. मैत्रिणींत धुसफूस सुरू झालीय. आई म्हणून काय सांगू?

आधी व्यवहाराचं. बँडचं नाव कुणाचं, हे चौघींनी बसून कागदावर लिहावं, संबंध बरे आहेत तोवरच. कुठल्या कंपनीशी सही झाली असेल तर करार वकिलाला दाखवा. ग्रुपच्या करारांत बहुधा एक कलम असतं की बाहेर पडणारीच्या सोलो कामावर पहिला हक्क त्याच कंपनीचा. त्या सहा गाण्यांपैकी एखाद्याची चाल बँडच्या तालमीत सुचली असेल, कुणी एखादी ओळ दिली असेल, तर तिचं नाव घालायला लावा. चार शब्दांसाठी मैत्री जाते आणि पुढे गाणं चाललं तर वकीलही येतात.

मग गाण्याचं. तिला सांगा की सगळी गाणी एका दमात, पूर्ण आवाजात गाऊ नको. दोन गाण्यांत तरी मागचे सूर तिनं स्वतःच भरावेत, वेगवेगळ्या ट्रॅकवर, आणि एखाद्या गाण्यात मैत्रिणींना बोलवावं, मानधन देऊन. पहिलं गाणं कुठलं सोडायचं हे तिला न ओळखणाऱ्या कुणाला तरी ऐकवून ठरवावं. घरच्यांना सगळीच आवडतात.

आणि बातमी तिनं स्वतः सांगावी. कॅमिला गेली तेव्हा ग्रुपनं म्हटलं की आम्हाला तिच्या प्रतिनिधींकडून कळलं, तिनं म्हटलं की त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. खरं काय ते त्या पाच जणींना ठाऊक, पण चाहते अजून त्यावरच भांडतात, गाण्यांवर नाही. तुमच्या मुलीनं पोस्टर टाकायच्या आधी तिघींना एकत्र बसवून गाणी ऐकवावीत. एखादी रुसेल, एखादी उठून जाईल. तिसरी बहुधा म्हणेल की दुसऱ्या गाण्याची पट्टी तुला चढी होतेय, आणि तिचं ऐकावं.