मैत्रिणीबरोबर ईस्टर बघायला युरोपात जायचंय. शनिवारी पोचून सोमवारी परतलं तर चालेल का? कुठे जावं?

नाही चालणार. रजा थोडीच असेल तर गुरुवारी पोचा आणि रविवारी निघा. ईस्टर रविवारी असतो हे खरं, पण अनुभवण्यासारखं जे आहे ते बहुतेक शुक्रवार आणि शनिवारीच होऊन जातं. रविवारी लोक घरच्यांबरोबर जेवायला बसतात.

मी इंदूरची. शाळेपासूनची माझी मैत्रीण कॅथलिक आहे, आणि २०२५ मध्ये आम्ही दोघी ग्रीसच्या कॉर्फू बेटावर गेलो होतो. मीसुद्धा आधी शनिवारचंच तिकीट बघत होते. ती म्हणाली, "शुक्रवार सोडून ईस्टर कसला?" तिचं ऐकलं, हे फार बरं झालं.

गुड फ्रायडेच्या दुपारपासून रात्रीपर्यंत कॉर्फूच्या जुन्या गावातल्या एकेका चर्चमधून मिरवणूक निघते. फुलांनी सजवलेला देव्हारा, त्यात ख्रिस्ताचं चित्र असलेलं वस्त्र. त्याला एपिताफिओस म्हणतात. तो पालखीसारखा खांद्यावर असतो, आणि मागे गावातली बँडपथकं अगदी संथ शोकधून वाजवत चालतात. त्यातलं सगळ्यांत जुनं पथक १८४० सालचं. गल्ल्या इतक्या अरुंद की ती धून अंगावरून गेल्यासारखी वाटते. मी फोटो काढत होते. मैत्रीण रडत होती. मी फोन पिशवीत टाकला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हणून सांगते, निघण्याआधीच मैत्रिणीला विचारा, की शुक्रवारी तिला काय हवंय: प्रार्थना, शांतता की फिरणं. तिच्यासाठी तो दिवस सहलीचा नसेल.

शनिवारी सकाळी गावाचे रक्षक संत स्पिरिदोन यांचा देह मिरवणुकीत निघतो. मग अकराला घंटा वाजतात आणि स्पियानादा मैदानाच्या बाजूच्या बाल्कन्यांमधून लोक पाण्याने भरलेली मातीची मोठमोठी मडकी खाली रस्त्यावर फेकतात. बाल्कन्यांवर लाल कापड, खाली हजारो माणसं, आणि मडकं फुटलं की तोफेसारखा आवाज. आपल्याकडे मडकं फुटतं ते स्मशानात, प्रेताभोवती फेरे झाल्यावर. त्यामुळे पहिल्या आवाजाला माझ्या छातीत धस्स झालं. आणि आजूबाजूचे लोक आनंदाने ओरडत होते, खापऱ्या शुभ म्हणून घरी नेत होते. मरणाची खूण आणि तिला उत्तर म्हणून हा जल्लोष. मैत्रिणीने मला लहानपणापासून ईस्टर समजावून सांगितलाय, पण मला तो कळला त्या रस्त्यावर. इंदूरच्या राजवाड्यावर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघितलेल्या माणसाला गर्दीचं भय नसतं, तरी इथे बाल्कनीच्या अगदी खाली उभं राहू नका. दोरी लावलेली असते, तिच्या मागेच थांबा. आणि नऊपर्यंत जागा धरा.

शाकाहारी असाल तर हा आठवडा उलट सोयीचा आहे. ग्रीक लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास चालू असतो; मांस, दूध, अंडी वर्ज्य. हॉटेलात 'नीस्तीसिमो' एवढं म्हटलं की उपवासाचे पदार्थ दाखवतात: टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, पालकभात, तिळाचा हलवा. फक्त कालवं-कोळंबी त्यांच्या उपवासाला चालतात, तेवढं विचारून घ्या. शुक्रवारी मसुराच्या सूपमध्ये व्हिनेगर घालतात, कारण क्रुसावर ख्रिस्ताला तेच दिलं होतं. शनिवारी मध्यरात्रीनंतर उपवास सुटतो तो कोकराच्या आतड्या-काळजाच्या सूपने. ते तुम्ही सोडा, लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून फोडण्यात मात्र भाग घ्या.

तारीख नीट बघा. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन पंचांगाने मोजतं, त्यामुळे त्यांचा ईस्टर कॅथलिक ईस्टरपासून कधी आठवडाभर, कधी महिनाभर लांब जातो. २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिलला होते, म्हणून मैत्रिणीचा आणि त्यांचा सण एकच झाला. २०२७ मध्ये कॅथलिक ईस्टर २८ मार्चला आणि ग्रीकांचा २ मेला आहे, २०२८ मध्ये पुन्हा दोन्ही १६ एप्रिलला.

शेंगेन व्हिसाचा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी हवाच. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. बोटांचे ठसे द्यायला आम्ही अवंतिका एक्सप्रेसने रात्रीतून मुंबई गाठली. खोली मात्र व्हिसाची वाट न बघता, रद्द करता येईल अशी, आधी धरा. त्या आठवड्यात अख्खा ग्रीस कॉर्फूला येतो.

शनिवारी रात्री बाराला मैदानात सगळे दिवे मालवतात आणि ज्योत मेणबत्तीवरून मेणबत्तीवर पसरत जाते. "ख्रिस्तोस आनेस्ती" म्हणजे ख्रिस्त उठला आहे. उत्तर द्यायचं "अलिथोस आनेस्ती", खरंच उठला आहे. ती ज्योत विझू न देता घरी न्यायची आणि काजळीने दाराच्या चौकटीवर क्रूस काढायचा. वाऱ्यात आमची दोनदा विझली, दोन्ही वेळा अनोळखी माणसांनी पेटवून दिली. घरमालकीण दारातच उभी होती. तिने स्वतःची मेणबत्ती बाजूला ठेवली आणि चौकटीवरचा क्रूस माझ्या मैत्रिणीला काढायला लावला.