स्वतः रेखाटलेल्या टाइमलाइन कंट्रोलसाठी पॅटर्नची निवड

ओढून सरकवता येतील आणि कडेला धरून ताणता येतील असे तुकडे असलेली टाइमलाइन आपण स्वतः रेखाटत आहात आणि तिच्यासाठी एमव्हीसी, एमव्हीपी की एमव्हीव्हीएम (माहिती, पडद्यावरील दृश्य आणि त्यांना जोडणारा कोड वेगळे ठेवण्याचे तीन पॅटर्न, म्हणजे ठरावीक रचना) निवडावे, असे आपण विचारले आहे. डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्या विंडोज इंटरफेस फ्रेमवर्कमध्ये एमव्हीव्हीएम पूर्ण स्क्रीनसाठी अवश्य वापरावे. मात्र कंट्रोलच्या, म्हणजे टाइमलाइनसारख्या स्क्रीनवरील एका घटकाच्या, आतली रचना हा वेगळा प्रश्न आहे आणि तो स्वतंत्रपणेच सोडवावा लागतो.

एमव्हीसीची कल्पना ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी १९७९ साली झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मांडली. जावाच्या स्विंग या इंटरफेस लायब्ररीत मात्र व्ह्यू (रेखाटणारा भाग) आणि कंट्रोलर (माऊस व कीबोर्डला प्रतिसाद देणारा भाग) यूआय डेलिगेट नावाच्या एकाच घटकात सामावले गेले, कारण माऊस नेमका कशावर आहे हे ठरवायला काय कुठे रेखाटले आहे ते ठाऊक असावेच लागते. म्हणून आपणही ही जोडी बळेच तोडू नये. तुकड्यांची माहिती तेवढी वेगळ्या मॉडेलमध्ये (माहिती सांभाळणाऱ्या भागात) ठेवावी आणि ती बदलल्याचे ऑब्झर्व्हर या, बदलाची सूचना देणाऱ्या, पॅटर्नमार्फत कंट्रोलला कळवावे.

सर्वाधिक लाभ स्टेट पॅटर्नचा, म्हणजे प्रत्येक स्थितीचे वर्तन वेगळे लिहिण्याचा, होतो, असे माझे ठाम मत आहे. ‘ओढणे चालू’, ‘ताणणे चालू’ असे बूलियन (खरे किंवा खोटे एवढेच सांगणारे चल) वाढत गेले की दोन्ही एकाच वेळी खरे असण्यासारख्या अशक्य स्थितीही कोडमध्ये शक्य होतात, आणि ओढताना एस्केप दाबले किंवा माऊस कॅप्चर (माऊसच्या सर्व हालचाली याच कंट्रोलकडे येण्याची व्यवस्था) सुटले तर तुकडा अधांतरी राहतो. प्रत्येक स्थितीला स्वतःचा क्लास दिल्यास तिच्यातून बाहेर पडण्याचे सर्व मार्ग एकाच ठिकाणी लिहावे लागतात. ओढणे पूर्ण झाल्यावरच एक कमांड (मागे घेता येणाऱ्या कृतीची नोंद) नोंदवावी, म्हणजे एका अनडूने पूर्ण हालचाल मागे जाईल.

कॉम्पोझिटचा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला वेगळे उपकंट्रोल करण्याचा, मोह मात्र आवरावा. हजारो तुकड्यांसाठी हजारो उपकंट्रोल जड पडतात. स्विंगचा जेटेबल हा तक्त्याचा कंट्रोल एकच रेंडरर (रेखाटणारा घटक) अनेक सेलसाठी पुन्हा पुन्हा वापरतो, तसे येथेही करावे.

अशा रेखाटलेल्या तुकड्यांची स्क्रीन रीडरला (दृष्टिहीनांसाठी स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) आपोआप काहीच माहिती नसते. डब्ल्यूपीएफमध्ये त्यासाठी ऑटोमेशनपीअर हा, कंट्रोलची माहिती स्क्रीन रीडरला पुरवणारा, क्लास लिहावा लागतो आणि मॉडेल स्वतंत्र असेल तर त्याला तुकड्यांची नावे व वेळा थेट तिथूनच घेता येतात. हा भाग पहिल्या आवृत्तीतच करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.