खोली कुणाची ते ठरेना, म्हणून खर्च ठरेना

घर वाढवायला खर्च किती येईल, हे विचारायला माणसं इंजिनिअरकडे जातात. माझ्याकडे येतात ती त्यानंतर, आकडा हातात पडून झोप उडाली की. चिपळुणात कौटुंबिक समुपदेशन करताना गणपती ते दिवाळी या दिवसांत ही तक्रार हटकून कानावर येते. चाकरमानी गणपतीला येऊन जातात, घर पुरत नाही हे सगळ्यांना एकदमच दिसतं, आणि दिवाळीनंतर काम काढायचं तर आत्ताच ठरवावं लागतं. प्रश्न साधारण असा असतो: "घराला लागून खालीच दोन खोल्या काढायच्यात. आकडा रोज वाढतोय. पैसे पुरणार नाहीत, काम अर्धवट राहील आणि भावाभावांत वितुष्ट येईल. काय करू?"

2025 च्या गणपतीनंतर हाच प्रश्न घेऊन एक गृहस्थ आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय चाळिशीच्या आतलं, गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीच्या काठचं गाव, स्वतःचा टेम्पो आणि थोडी हापूसची कलमं. वडील नाहीत. घरी आई, बायको आणि दहावीतली मुलगी. थोरला भाऊ डोंबिवलीला नोकरीत. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू: ओटी, माजघर, स्वयंपाकघर, एक अंधारी खोली, आणि संडास परड्याच्या टोकाला. आईचे गुडघे गेलेले. श्रावणात एका रात्री ती तिकडच्या पायरीवर घसरली. मोडलं काही नाही, पण त्या दिवसापासून घरात "आता बांधायचंच" सुरू झालं.

मुकादमाने अंगणात उभ्या उभ्या साडेचार लाख सांगितले. इंजिनिअरने नकाशा काढून हिशेब केला तो सव्वानऊ लाखांचा. तेव्हापासून यांच्या छातीत धडधड. धडधड म्हटलं की मी आधी डॉक्टरकडे धाडते. तिथे सगळं ठीक निघालं, मग आम्ही बसलो.

पहिल्या भेटीत ते फक्त सिमेंटबद्दल बोलले. 22 सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर येणार, तेव्हा थांबावं की आत्ता माल भरावा, ही त्यांची विवंचना. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, मांडा. साडेतीनशेच्या गोणीमागे सत्तावीसेक रुपये वाचतात, गोणी लागणार 180 च्या आसपास. म्हणजे बचत पाच हजारांच्या आत. सव्वानऊ लाखांच्या कामात पाच हजारांसाठी हा माणूस दोन आठवडे जागा होता. घाबरलेला माणूस हिशेबातला असाच कोपरा धरतो जो त्याला पेलतो. मोठा आकडा तसाच पडून राहतो, कारण तिथे हात घातला तर कुणाशी तरी बोलावं लागतं.

मुकादम खोटं बोलला नव्हता. त्याने चिरा, वाळू, सिमेंट, सळी आणि मजुरी एवढंच धरलं होतं. सेप्टिक टाकी, शोषखड्डा, वायरिंग, नळाची कामं, दारं-खिडक्या, फरशी, जुन्या आणि नव्या छपराच्या सांध्यावरची पन्हळ, हे सगळं त्याच्या लेखी 'नंतरचं'. गावाकडे तोंडी अंदाज असाच असतो. म्हणून मुकादमाला आकडा विचारण्याआधी त्यात काय धरलंय आणि काय नाही ते त्याच्यासमोर लिहून काढावं. त्याला राग येत नाही, उलट तो सावध होतो.

पण एवढ्यानेही दोन आकड्यांतला फरक पुरता उलगडेना. मग मी घरच्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, थोरल्याला फोनवर: ही बांधणी तुम्हाला कशासाठी हवी? कर्ज न काढता तुम्ही किती घालू शकता? पैसे कमी पडले तर सगळ्यात आधी काय सोडाल?

आई म्हणाली, "मला काय खोली नको बाय. पावसात रातीचं बाहेर जावं लागतं तेवढं बंद करा." सुनेला मुलीच्या अभ्यासासाठी दार लावता येईल अशी जागा हवी होती, आणि खरं तर स्वतःसाठीसुद्धा, हे ती बऱ्याच वेळाने बोलली. थोरल्याला आपली अशी खोली हवी होती, आत बाथरूम असलेली. गणपतीत आणि मे महिन्यात बायकोमुलांना ओटीवर झोपवायला त्याला आता लाज वाटते. आणि आमच्या गृहस्थांना हवा होता पक्का स्लॅब, खाली आरसीसी कॉलम, 'पुढेमागे वर मजला चढवायला'.

वर मजला कोण चढवणार होतं? कुणीच नाही. मुलगी उद्या शिकायला बाहेर जाईल, थोरला गावी परतायचं म्हणत नाही. पण शेजाऱ्याने कॉलम उभे केले होते. पाया, कॉलम, बीम आणि स्लॅब मिळून जवळजवळ अडीच लाख त्या न ठरलेल्या मजल्यासाठी धरले गेले होते. एका अंदाजपत्रकात चार घरं कोंबली होती, आणि त्यातलं आईचं घर सगळ्यांत लहान होतं, जिच्या नावाने हे सगळं सुरू झालं.

दुसऱ्या बैठकीला सगळे एकत्र बसले, थोरला व्हिडिओ कॉलवर. मी चौघांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवली. सून रडली. थोरला बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पैसे मी घालायचे आणि उद्या वाटणीत घर त्याचं, असं नको व्हायला." ही भीती बोलून दाखवणं आपल्याकडे वाईट मानतात. मला ती रास्त वाटते. सातबारा सामाईक, घरपट्टी धाकट्याच्या नावावर, आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा कर आकारणीसाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. मी त्यांना सांगितलं की आधी वकिलाकडून लिहून घ्या: कुणी किती दिले, ते उसने, बक्षीस की हिश्शात धरायचे. थोरल्याने तीन लाख कबूल केले होते, ते दीडवर आणले. धाकट्याला ते लागलं. पण दीड लाख मनापासून आलेले तीन लाख कुरकुरत आलेल्यांपेक्षा बरे, कारण कुरकुरणारे पैसे काम अर्ध्यावर असताना थांबतात आणि तेव्हा छप्पर उघडं असतं.

आता जागेचं. सगळ्यांच्या मनात मागची बाजू होती, परड्याकडची. तिथे दोन गोष्टी आडव्या आल्या. कौलारू छपराचा उतार साधारण तीस अंशांचा धरला, तर छप्पर दर फुटाला सात इंच खाली येतं. वळचण, म्हणजे छपराची खालची कड, सात फुटांवर असेल आणि तोच उतार दहा फूट पुढे ओढला, तर टोकाला जेमतेम सव्वा फूट उंची उरते. आपल्याकडच्या पडव्या म्हणूनच अरुंद असतात. राहायची खोली काढायची तर आढ्याच्या टोकाकडे, त्रिकोणी भिंतीला लागून जाणं सोपं. तिथे आढं तसंच पुढे नेता येतं आणि पन्हळीची कटकटही कमी. नवी भिंत जुन्या चिऱ्यात खाचा पाडून अडकवू नये, सांधा मोकळा ठेवावा, हे त्यांच्या इंजिनिअरने सांगितलं. नवा पाया थोडा बसतोच, आणि अडकवलेली भिंत तडकते.

दुसरी गोष्ट खाडीची. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे गावाकडच्या भागात खाडीच्या भरतीरेषेपासून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल तेवढा पट्टा ना-विकास क्षेत्र. तिथलं जुनं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, पण जोत्याचं, म्हणजे घराच्या चौथऱ्याचं, क्षेत्रफळ वाढवता येत नाही. खाली खोली वाढवणं म्हणजे जोतंच वाढवणं. मागचं परडं त्या रेषेच्या इतकं जवळ होतं की तिकडे न गेलेलंच बरं. खाडीकाठी किंवा समुद्राकाठी घर असेल तर पायाची कुदळ मारण्याआधी नकाशावर आपलं घर कुठे येतं ते तपासून घ्या, आणि ग्रामपंचायतीत परवानगीचं विचारा. शेजाऱ्याने केलं म्हणून चालतं, हे उत्तर नव्हे.

बाजूला जायचं तर ती जागा चुलत्यांच्या सामाईकात. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली निम्मी मुंबईकडे. मला वाटतं गृहस्थांची अर्धी धडधड इथली होती. चुलत भावाशी काही वर्षं बोलणं नव्हतं. आम्ही दोन बैठका फक्त यावर घालवल्या: काय म्हणायचं, कुठून सुरुवात करायची, तो जुनं उकरायला लागला तर काय करायचं. ते नालासोपाऱ्याला जाऊन आले. चुलत भावाची एकच अट निघाली, विहिरीकडची पायवाट अडवायची नाही. बाकीच्यांच्या सह्या मग त्यानेच गोळा करून दिल्या.

शेवटी ठरलं ते असं. आईसाठी 10 बाय 12 ची खोली, माजघरातूनच दार, आणि तिला लागून 5 बाय 8 चं न्हाणीघर-संडास. वर कौलंच. भिंतींना आतून गिलावा नाही, चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) भरून घ्यायच्या. बांधकाम 3 लाख 20 हजार, टाकी-वायरिंग-नळ-पन्हळ 90 हजार, आणि 50 हजार राखीव. एकूण 4 लाख 60 हजार. धाकट्याचे अडीच, थोरल्याचे दीड. उरलेले साठ हजार आंब्याच्या पट्टीतून (विक्रीच्या पैशांतून), म्हणून खोलीतली फरशी आणि रंग मे महिन्यावर टाकले. राखीव रकमेला फक्त सुनेने हात लावायचा असा नियम केला. मला तो फार आवडला, कारण घरात पहिल्यांदाच तिच्या हातात काही आलं.

कुठे वाचवायचं नाही तेही लिहिलं. खाडीची वाळू स्वस्तात मिळत होती. तिच्यातल्या मिठाने सळी गंजते, म्हणून ती नको. संडासाचं दार तीन फुटी, उंबरा नाही, फरशी खरखरीत, कमोडशेजारी भिंतीत पक्की बसवलेली दांडी. कमोडला आईची नाराजी होती. "खुर्चीत बसून कसलं ते," म्हणायची. आता बोलत नाही.

देवळात कौल लावून दिवाळीनंतर काम सुरू झालं. कौल उजवा, म्हणजे देवाचा होकार, मिळाला आणि तारीख पुढे ढकलणं बंद झालं, हा त्यातला मोठा फायदा. मेच्या मध्याआधी वरचं झाकून घ्यायचं, हे इथलं खरं वेळापत्रक: जून ते सप्टेंबरात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसात उघडी भिंत ठेवून चालत नाही. शिमग्याला गवंडी आठवडाभर आले नाहीत, ते आधीच धरलं होतं. राखीवातले बत्तीस हजार गेले, बहुतेक टाकीच्या खड्ड्यात कातळ लागला म्हणून.

थोरल्याच्या खोलीचा प्रश्न तसाच आहे. पुढच्या वर्षी बघू म्हणतात, पण त्याची बायको दुखावली आहे आणि फोनवर फक्त आईशी बोलते. त्या दोघांना मी वेगळी वेळ दिली आहे. तो यायला तयार आहे, ती अजून हो म्हणालेली नाही.