आधी कॅमेरा, मग पट्टी

अरे, तू बनवतोयस त्या क्रिकेटच्या व्हिडिओ गेममध्ये स्कोअरची पट्टी रंगवण्यात आठवडा घालवलास, तरी सामना टीव्हीसारखा वाटत नाही, कारण खरी गडबड कॅमेऱ्यात आहे. प्रक्षेपणाचा मुख्य कॅमेरा गोलंदाजाच्या मागे, सीमारेषेबाहेर, उंचावर असतो आणि लांबून झूम करतो. म्हणून २२ यार्डांची खेळपट्टी आखूड दिसते. गेममध्येही कॅमेरा मागे ने, वर घे, दृश्यकोन अरुंद कर, म्हणजे झूम वाढव. फलंदाज लगेच जवळ आल्यासारखा वाटेल.

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रणजी सामना असेल तेव्हा अर्धा तास नुसता कान देऊन बस. चेंडू पडायच्या आधी मैदान गप्प होतं, मग बॅटचा टक् आवाज, आणि आरडाओरडा क्षणभर उशिरा उसळतो. गेममधली गर्दी मात्र सतत एकाच सुरात ओरडते, मला तेच सगळ्यात खटकतं. तिचा आवाज उतरव, बॅटचा चढव.

रिप्ले फक्त विकेटला आणि षटकाराला. पट्टीवर धावसंख्या, षटकं, दोन फलंदाज, गोलंदाज, बस्स. देवनागरी फॉन्ट घेणार असशील तर आधी 'त्र्यंबक' लिहून बघ. जोडाक्षरं तुटत असतील तर तिथंच कळेल.